पंडिता रमाबाई आणि त्यांच्या शाळेतील मुली

वैनगंगेच्या खोऱ्यातील आपला मुलूख भाताचा व तळ्यांचा. पाऊस वेळेवर न पडला म्हणजे येथे काय होते, हे गावकऱ्यांस सांगावयास नको. १८९६ साली पावसाने ऐन वेळी पाठ फिरविली आणि १८९७ साल उजाडले तेव्हा मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ माजला होता. आजचा गोंदिया जिल्हा त्या काळी भंडारा जिल्ह्याचा भाग असून मध्यप्रांतातच मोडत असे. त्या दुष्काळात पुण्याहून एक विधवा बाई मध्यप्रांतात आली आणि अन्नाला मोताद झालेल्या मुली गोळा करून आपल्या शाळेत घेऊन गेली. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांच्या विद्वत्तेविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. त्यांच्या शाळेतील मुलींचे जीवन कसे असे, आणि शिकता शिकता त्या दुसऱ्यांची सेवा कशी करीत, हे वाचकांपुढे मांडावे असा ह्या लेखाचा हेतू आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे, रानातील एका आश्रमात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे शास्त्री होते. स्त्रियांस संस्कृत शिकवू नये असे लोक म्हणत असता त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई ह्यांस ती विद्या शिकविली, आणि लक्ष्मीबाईंनी ती आपल्या मुलीस दिली. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडू लागले. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने त्यांस गाठले. वडील गेले, मागोमाग आई गेली, वडील बहीणही गेली. रमाबाई व बंधू श्रीनिवास हे दोघेच उरले. उपाशीतापाशी, अनवाणी पायांनी त्यांनी हिंदुस्थानचा मोठा भाग पालथा घातला. १८७८ साली कलकत्त्यास पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० साली बंधू वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी विवाह केला. परंतु १८८२ साली पटकीने पतीचेही निधन झाले. कन्या मनोरमा तेव्हा वर्षाचीही झाली नव्हती.

त्या मुलीस घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि सरकारी शिक्षण आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या व त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार करून बाप्तिस्मा घेतला. १८८६ साली आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभास म्हणून त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे हिंदी विधवांची दैन्यावस्था गावोगाव सांगत हिंडल्या. बॉस्टन येथील लोकांनी मंडळ स्थापून दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन ही शाळा उघडली.

पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नातू नावाच्या एक बालविधवा होत्या. ज्या काळी विधवेने घराच्या काळोख्या खोलीत आयुष्य कंठावे असा प्रघात होता, त्या काळी येथे विधवा मुली पाटी घेऊन बसू लागल्या. सदनात ज्याच्या त्याच्या चालीरीती पाळण्याची मोकळीक असे. १८९० साली शाळा पुण्यास आली. ह्याच गोदूबाई पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे ह्यांच्या पत्नी झाल्या, आणि कर्व्यांच्या विधवाश्रमासाठी त्यांनी फार कष्ट घेतले. ज्या शाळेने त्यांस उभे केले, तिचे ऋण त्यांनी दुसऱ्या विधवांची सेवा करून फेडले.

परंतु शाळेवर लवकरच मोठे संकट आले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार लावून घेत नसत, आणि काही मुली आपण होऊन तेथे जाऊन बसत. ह्यावरून पुण्यात गहजब झाला. १८९३ साली रानडे व भांडारकर ह्यांच्यासारख्या सन्मान्य गृहस्थांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, आणि पालकांनी वीसांहून अधिक मुली काढून नेल्या. कोणावर धर्माची सक्ती करावयाची नाही, हे रमाबाईंनी मान्य केले होते. परंतु स्वतःची श्रद्धा लपवून ठेवण्यास त्या तयार झाल्या नाहीत. शाळा निम्मी ओस पडली, तरी त्यांनी दार लावले नाही.

अमेरिकेतील मंडळाच्या साहाय्याची मुदत १८९८ साली संपावयाची होती. तोपर्यंत शाळेने स्वतःच्या पायांवर उभे राहावे म्हणून रमाबाईंनी पुण्याजवळ केडगाव येथे सुमारे १०० एकर जमीन घेऊन फळझाडे लावण्याचे योजिले. इतक्यात मध्यप्रांतातील दुष्काळाची वार्ता आली. आपले आईबाप व बहीण कशी गेली, हे त्या विसरल्या नव्हत्या. त्या स्वतः तेथे गेल्या. दुष्काळी छावण्यांतून व रस्त्यांवरून त्यांनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया गोळा केल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती. इतक्या नव्या मुली शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा त्यांस केडगावच्या उघड्या माळावर नेऊन तात्पुरत्या छपरांखाली ठेविले. ह्याच वस्तीस पुढे मुक्ती हे नाव मिळाले.

आता ह्या मुलींस सांभाळावे कोणी? त्यांच्या अंगावर केवळ हाडे व कातडे उरले होते. कित्येकींस खरूज होती, कित्येकींस अंघोळ ठाऊक नव्हती, आणि अन्न दिसताच त्या त्यावर तुटून पडत. हे काम शारदा सदनातील वडील मुलींनी अंगावर घेतले. ज्या कालपर्यंत विद्यार्थिनी होत्या, त्या आज शिक्षिका, दाई व माता झाल्या. त्या नव्या मुलींचे केस विंचरीत, फोडांस औषध लावीत, पेज भरवीत, रात्री उशाशी बसत, आणि प्रकृती सुधारली म्हणजे त्यांच्या हाती पाटी देत. त्यांच्यापैकी कित्येक मुली उच्च कुळांतील होत्या. आलेल्या मुली कोणत्या जातीच्या, हा विचार त्यांस सोडून द्यावा लागला. पुस्तकातील कोणत्याही धड्यापेक्षा हा धडा कठीण होता.

मुक्तीत शाळा व काम ही बरोबरच चालत. मुली वाचणे, लिहिणे व हिशेब शिकत. तसेच शेत, गोठा, हातमाग, तेलघाणी, शिवण, स्वयंपाक व छापखाना ह्यांतही त्यांच्या पाळ्या असत. पुढे १८९९ व १९०० साली गुजराथेत दुष्काळ पडला, तेव्हा मुक्तीतील कार्यकर्त्या स्त्रिया तेथे जाऊन निराधार मुली घेऊन आल्या. ज्या वस्तीची भरती दुष्काळाने झाली होती, तीच आता दुसऱ्या दुष्काळग्रस्तांच्या साहाय्यास धावली. अल्पावधीतच मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या जवळपास गेली. पतित स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. मनोरमाबाईंनी अंध मुलींस बोटांनी वाचण्याची ब्रेल लिपी शिकविण्याची सोय केली.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले, कारण अल्पशिक्षित खेडवळ स्त्रीसही ते समजावे अशी त्यांची इच्छा होती. त्याचे खिळे मुक्तीतील मुलींनीच जुळविले, आणि छपाईही त्यांनीच केली. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. एकुलत्या एका मुलीचे दुःख उरी बाळगून रमाबाईंनी भाषांतराचे काम पुरे केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूच्या विसाव्यात गेल्या. केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे.

प्रिय वाचकहो, आपल्या मंडळ्यांतील मुलेमुली आज शाळांतून व वसतिगृहांतून शिकत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु मूल शाळेत घातले म्हणजे त्याने केवळ घ्यावयाचे, आणि सेवा नोकरी लागल्यावर पाहता येईल, अशी समजूत आपल्यांत रूढ होऊ लागली आहे. रमाबाईंच्या शाळेत तसे नव्हते. तेथे दोन इयत्ता शिकलेली मुलगी एकही इयत्ता न शिकलेल्या मुलीस शिकवी. गेल्या वर्षी वाचलेली मुलगी यंदा आलेल्या मुलीस वाचवी. आईबापांनी आपल्या मुलांस इतके तरी विचारावे की, ह्या आठवड्यात शाळेत तू काय शिकलास, आणि ते कोणाच्या उपयोगी पडले? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलास देता येईल अशी वाट त्यांनीच त्यास दाखवावी. शेजारच्या निरक्षर आजीचे पत्र वाचून दाखविणे, आजाऱ्यास पाणी नेऊन देणे, लहान भावंडांस अक्षरे गिरवावयास लावणे, एवढ्यापासून आरंभ करता येतो. केडगावच्या माळावरही आरंभ एका मुलीने दुसऱ्या मुलीचे केस विंचरण्यापासूनच झाला होता.