चेर्नी: शरीराचा ‘स्पेअर पार्ट’ शरीरातच शोधणारा सर्जन

मागच्या वर्षी माझ्या मावशीच्या स्तनातली गाठ काढली. तब्येत सुधारली, पण मी फोटोसाठी मोबाइल वर केला की ती बाजूला सरकायची. पोटावरची चरबी बारीक नळीने काढून स्तनातला खड्डा भरता येतो, असं डॉक्टर म्हणाले. मला वाटलं, हे अगदी नवं तंत्र असणार. शोधत गेले आणि पोहोचले थेट १८९५ मध्ये, विन्सेंट्स चेर्नी यांच्यापाशी!

चेर्नी १८४२ मध्ये बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात जन्मले. व्हिएन्नात बिलरोथ या नामवंत सर्जनच्या हाताखाली तयार झाले आणि १८७७ पासून जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये प्राध्यापक होते.

त्यांच्याकडे एक गायिका आली. तिच्या स्तनातला आजारी भाग काढावा लागणार होता. जीव वाचला, बाकीचं विसरा, असं तेव्हा सहज म्हणता आलं असतं. चेर्नींनी तसं केलं नाही. तिच्या कमरेजवळ चरबीची एक निरुपद्रवी गाठ होती. ती काढून त्यांनी स्तनातल्या रिकाम्या जागी बसवली. १८९५ मध्ये ही केस त्यांनी प्रसिद्ध केली. स्तनाच्या पुनर्रचनेची ही पहिली नोंद मानली जाते.

मग आज नवं काय? चरबीचा मोठा गोळा एकदम बसवला, तर आतपर्यंत रक्त पोहोचत नाही आणि मधला भाग मरतो. म्हणून आता चरबी नळीने ओढतात, स्वच्छ करतात आणि थेंबाथेंबाने वेगवेगळ्या थरांत सोडतात. छेद अगदी काही मिलिमीटरचे. पण थोडी चरबी शरीर शोषून घेतंच, त्यामुळे कधी कधी पुन्हा बसावं लागतं. काही ऑपरेशनांत काखेतल्या छोट्या छेदातून एंडोस्कोप घालतात. आधुनिक एंडोस्कोपच्या कॅमेऱ्यात बहुधा तुमच्या मोबाइलसारखाच सेन्सर असतो.

चेर्नींनी १९०६ मध्ये हायडेलबर्गला कर्करोग संशोधनाची संस्था उभारली. १९१६ मध्ये ते गेले.

छेद लहान झाला, ही तंत्रज्ञानाची कमाल. पण आजार गेल्यावर बाईला आपलं शरीर आपलं वाटावं, हाही उपचाराचाच भाग आहे, हे चेर्नींना मोठ्या छेदाच्या काळातच कळलं होतं. मावशीने ऑपरेशन करायचं की नाही, हे अजून ठरवलेलं नाही. मात्र तिला हे नखरे वाटत होते, ते आता वाटत नाहीत.