८६४ अणूंमध्ये मावलेला द्रव: अनीसुर रहमान

माझ्या लॅपटॉपमधलं पाणी एकदा १७ अंशांच्या आसपास गोठलं. खरं पाणी नाही, सिम्युलेशनमधलं. घणसोलीतल्या रूमवर एसीपण नेमका १७ वरच होता, त्यामुळे जास्तच हसू आलं. पण चूक कुठे झाली ते शोधता शोधता एक नाव समोर आलं, जे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी एकदाही ऐकलं नव्हतं.

अनीसुर रहमान. जन्म २४ ऑगस्ट १९२७, हैदराबाद. (आपला मराठवाडाही तेव्हा त्याच निजामाच्या संस्थानात होता.) शिक्षण केंब्रिजला, पीएचडी बेल्जियममध्ये, आणि १९६० पासून नोकरी शिकागोजवळच्या अरगॉन लॅबमध्ये. तिथे त्यांनी अभ्यास केला तोही आर्गॉनचाच, पण लॅबच्या नावाचा त्या वायूशी काही संबंध नाही!

आता अडचण बघा. पाण्याच्या एका थेंबात रेणू किती? एकावर एकवीस शून्यं, त्याहूनही जास्त. एवढे एकेक करून हलवणं आजच्या सुपरकॉम्प्युटरलाही जमत नाही. रहमान यांनी १९६४ मध्ये घेतले फक्त ८६४ अणू. उणे १७९ अंशांचा द्रव आर्गॉन, आणि डबा जेमतेम साडेतीन नॅनोमीटरचा. मग भिंतींचं काय? मोबाइलवरचा स्नेक गेम आठवा. साप उजवीकडून बाहेर गेला की डावीकडून आत येतो. अणूंनाही तसंच करायचं, म्हणजे भिंतच उरत नाही. दोन अणू फार जवळ आले तर एकमेकांना ढकलतात, जरा लांब असले तर ओढतात. त्या बलावरून न्यूटनच्या नियमाने प्रत्येकाची पुढची जागा काढायची, की परत तेच. एक पाऊल म्हणजे सेकंदाचा शंभर लाख कोटीवा भाग. आणि तापमान? अणू किती जोरात धावतायत, त्याचाच तो हिशोब.

सीडीसी ३६०० या मशीनमधून उत्तर आलं, ते प्रयोगाशी चांगलं जुळलं. अणू पसरण्याचा वेग १५ टक्के कमी आला, आणि तेही त्यांनी सरळ छापलं. मला हे फार आवडलं.

१९७१ मध्ये फ्रँक स्टिलिंजर यांच्यासोबत त्यांनी पाणी घेतलं, २१६ रेणूंचं. १९८० मध्ये मिकेले पारिनेलो यांच्यासोबत दाबाप्रमाणे डब्याचाच आकार बदलू दिला. ही पद्धत आजच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या दोघांच्या नावानेच सापडते.

६ जून १९८७ ला ते गेले, वय ५९. पुढची उडी त्यांच्यानंतरची. १९९२ मध्ये दोन डच संशोधकांनी अणू मोजणंच सोडलं आणि रेणूंच्या अख्ख्या घोळक्याला एक मणी मानलं. मणी कमी, पावलं मोठी, काम झटपट. मी वापरलेलं जुनं मार्टिनी मॉडेल याच विचाराचं: पाण्याचे चार रेणू म्हणजे एक मणी. पण रेणूंचं वळणं, एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरणं, हे सगळं त्या मण्यात गडप होतं. ते मॉडेल ठरावीक तापमानाला जुळवलेलं असतं, तिथून हललात की गणित बिघडतं. १७ अंशांचा बर्फ त्यातूनच आला. कोडमध्ये माझी चूक नव्हतीच.

अमेरिकन फिजिकल सोसायटी १९९३ पासून रहमान यांच्या नावाने पुरस्कार देते. मी मात्र नवीन मशीन मिळालं की पहिली टेस्ट म्हणून ८६४ आर्गॉनच टाकतो. चहा होईपर्यंत संपते.