दुखऱ्या हिरड्यांचा हकीम

ज्या घरात सहा-सात महिन्यांचे बाळ आहे, तिथल्या आईला सहरीसाठी गजर लावावा लागत नाही. दात येणाऱ्या बाळाची किरकिर तिला आधीच उठवते. ही किरकिर हजार वर्षांपूर्वी एका हकिमाने मनावर घेतली होती. त्यांचे नाव इब्न सीना. हिजरी 428 च्या, म्हणजे इ.स. 1037 च्या रमजानमध्येच त्यांचे निधन झाले.

980 साली बुखाराजवळच्या अफशाना गावी ते जन्मले. दहाव्या वर्षी कुरआन मुखोद्गत झाले. सतरा-अठराव्या वर्षी बुखाराच्या आजारी अमीरावर उपचार केले आणि शाही ग्रंथालयाची दारे त्यांना उघडली. पुढे मात्र पायाला भिंगरी लागली. गुर्गंज, जुर्जान, रय असे फिरत ते हमदानला वजीर झाले. दिवसा दरबार, रात्री शिष्यांसोबत लेखन. ‘अल-कानून’ हा पाच खंडांचा वैद्यकग्रंथ याच धावपळीत पुरा झाला.

अमीर-उमरावांच्या या हकिमाने त्यात तान्ह्यांसाठीही जागा राखली. दात येताना कडक काही चावायला देऊ नये, हिरड्यांना बोटाने स्निग्ध पदार्थ हलके चोळावा, बाळ बोटे चावू लागले की ज्येष्ठमधाची मुळी द्यावी, असे ते सांगतात. आपल्या बाळगुटीतही ज्येष्ठमध असतेच. हलके जोजवणे आणि गाणे, दोन्ही त्यांनी बाळासाठी आवश्यक मानले.

अर्थात तेव्हाचे सगळेच आज करू नये. मुळीचा तुकडा घशात अडकू शकतो आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर मुळीच नको. हिरड्या स्वच्छ बोटाने चोळाव्यात, थंड ओले फडके चघळायला द्यावे. ताप 38 अंश सेल्सियसच्या वर गेला किंवा जुलाब लागले, तर दातांवर न ढकलता डॉक्टर गाठावा.

दरबारी राजकारणात इब्न सीना यांना फरदजानच्या किल्ल्यात चार महिने कैद झाली. तिथे त्यांनी पोटशूळावर ग्रंथ लिहिला आणि अखेर पोटशूळानेच ते गेले. शेवट जवळ आल्याचे कळताच त्यांनी स्वतःचे उपचार थांबवले, गुलाम मुक्त केले, मालमत्ता गरिबांत वाटली. हमदानमध्ये त्यांची कबर आहे. लेकराच्या हिरडीवर हलकेच बोट फिरवणाऱ्या प्रत्येक आईच्या हातात मात्र त्यांची हिकमत आजही जिवंत आहे.