सर अल्बर्ट हॉवर्ड : शेतकऱ्यांचे शिष्य झालेले पंडित

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा चरितार्थ शेतीवर चालतो. पीक भरपूर यावे, पण त्यापायी जमिनीचा कस, गवत, गुरे व नाना जातींची झाडेझुडपे ह्यांचा नाश होऊ नये, हे दोन्ही कसे साधावे? ह्या प्रश्नात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या सर अल्बर्ट हॉवर्ड ह्यांचे चरित्र आज आम्ही थोडक्यात देत आहो.

हॉवर्डसाहेबांचा जन्म १८७३ साली इंग्लंडात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. केंब्रिज येथे विद्या संपादून ते वेस्ट इंडीज बेटांत पिकांच्या रोगांचा अभ्यास करू लागले. तेथे त्यांच्या मनास एक गोष्ट सलू लागली. दुसऱ्यास उपदेश करावयाचा, पण तो आधी करून पाहावयास स्वतःचे शेत नाही! १९०५ साली बिहारात पुसा येथील सरकारी शेती-संस्थेत त्यांची नेमणूक झाली व त्यांस सुमारे ७५ एकर जमीन मिळाली. त्याच साली गॅब्रिएल ह्या वनस्पतिशास्त्रज्ञ विदुषीशी त्यांचा विवाह झाला.

भोवतालच्या शेतकऱ्यांची पिके औषधावाचून बहुधा निरोगी असत. हे पाहून साहेब त्यांचेच शिष्य झाले. ते शेतकरी धान्याबरोबर कडधान्य पेरीत. आपल्याकडेही ज्वारीत तुरीचे तास घालतात. कडधान्याच्या मुळांवरील गाठींतले सूक्ष्म जंतू हवेतील नत्र धरून ठेवतात, हे युरोपातील पंडितांनी १८८८ च्या सुमारास सिद्ध केले. आपले शेतकरी तर त्याचा लाभ पिढ्यान्‌पिढ्या घेत आले होते.

परंतु सर्वच वनस्पती एकत्र सुखाने नांदतात असे नाही. पुसा येथे फळझाडांखाली गवत वाढविले असता झाडे खंगली. कारण मुळांस हवा कमी पडली. झाडांमध्ये चर खणल्याने काहींस आराम पडला. ह्यावरून कोणाची सोबत कोणास मानवते, हे पाहूनच मिश्रण करावे, असा बोध होतो.

पतिपत्नींनी मिळून पुसा ४ व पुसा १२ ह्या गव्हाच्या सुधारलेल्या जाती काढल्या व त्या पुष्कळ पसरल्या. तरीपण भुकेल्या जमिनीत उत्तम बी पेरून काय उपयोग, हा विचार साहेबांस स्वस्थ बसू देईना. १९२४ साली ते इंदूर येथील नव्या संस्थेत आले. तेथे यशवंत वाड ह्यांच्या साहाय्याने त्यांनी खताची इंदूर पद्धत बसविली. कपाशीच्या पळाट्या वाटेवर पसरून गाड्यांखाली चिरडीत. त्या, पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती व राख ह्यांचे थर खड्ड्यात रचून पाणी शिंपीत व ढीग तीनदा चाळवीत. तीन महिन्यांत उत्तम खत तयार होई.

१९३० साली पत्नी निवर्तल्या, व पुढील वर्षी साहेब स्वदेशी परतले. १९४० च्या आपल्या ग्रंथात त्यांनी अरण्याचा कित्ता पुढे ठेवला : तेथे अनेक जातींच्या वनस्पती व प्राणी एकत्र राहतात, भूमी उघडी पडत नाही व काही वाया जात नाही. १९४७ साली त्यांचे निधन झाले.

त्यांची सर्व मते शास्त्रज्ञांस मान्य झाली नाहीत. चांगल्या वैरणीवर पोसलेल्या बैलांस लाळखुरकतीचे भय नाही असे त्यांस वाटे. आमच्या वाचकांनी मात्र गुरांस लस अवश्य टोचून घ्यावी. रासायनिक खतांविरुद्धही ते फार कडक बोलत. पण सेंद्रिय खत घातल्याने जमिनीचा पोत सुधारतो, हे आज सर्वमान्य आहे.

तर शेतकरी बंधूंनो, यंदा पळाट्या जाळू नका; त्यांचे खत करा. बांधावरचे गवत व झाड उगाच तोडू नका. ज्वारीत तुरीचे एक तास टाका. ज्वारी दगा देईल त्या वर्षी कदाचित तीच तूर तुम्हांस सावकाराच्या दारापासून वाचवील.