पाठीचा पुढचा आधार

पोट म्हटले की आपल्याला भूक आठवते, नाहीतर वाढलेला घेर. पाठीच्या कण्याचा अर्धा आधार पुढच्या बाजूला, पोटात असतो, हे बँकेच्या खुर्चीत उभी नोकरी काढून पाठ धरेपर्यंत माझ्याही ध्यानात आले नव्हते. तेव्हा आठवले अमळनेरचे एक प्राचार्य.

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेत डभोई येथे झाला. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले, तरी मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. बडोद्यात राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली शरीर कमावले. जळगाव आणि धुळ्याच्या मधल्या अमळनेरला, खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते १९१६ मध्ये प्राचार्य झाले. तिथले राष्ट्रीय वारे सरकारला मानवले नाही. १९२० मध्ये महाविद्यालय बंद झाले.

त्याआधीच, १९१९ मध्ये, नर्मदाकाठच्या मालसरला त्यांना परमहंस माधवदासजी गुरू लाभले. उड्डियान आणि नौली, म्हणजे पोट आत ओढण्याच्या आणि घुसळण्याच्या क्रिया, ते शिकले. दुसरा कोणी श्रद्धेने करीत राहिला असता. यांना मात्र प्रश्न पडला : या वेळी आत नेमके होते काय? विद्यार्थ्यांना घेऊन ते बडोद्याच्या इस्पितळात क्ष-किरण यंत्रापुढे गेले. गुरूची विद्याच पणाला लागली होती. पुढे नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असे मोजमापात आढळले. त्या पोकळीला त्यांनी माधवदासांचेच नाव दिले. १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभे राहिले. गुणे स्वामी कुवलयानंद झाले.

पोटातल्या दाबाचा कण्याशी संबंध आहेच. केळीचा घड खांद्यावर घेणारा रावेरचा मजूर क्षणभर श्वास रोखून पोट आवळतो. त्याने आतला दाब वाढतो आणि कण्याला टेकू मिळतो. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले, की निरोगी माणूस हात उचलण्याआधीच पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू आकसतो. जुनी पाठदुखी असणाऱ्यांत तो उशिरा जागा होतो.

म्हणून उड्डियान हे पाठदुखीचे औषध ठरत नाही. रक्तदाब, हर्निया असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी ते करूच नये. स्वामीजी १८ एप्रिल १९६६ रोजी गेले. मी आता खाली वाकण्याआधी पोट जरासे आवळतो, आणि गुरूची विद्याही तपासून घेणारे ते प्राचार्य रोज आठवतात.