गॅलिलिओ : फेकलेल्या दगडाची वाट शोधणारे शास्त्रज्ञ

कोहमारा परिसरात शेतावरची पाखरे हाकणाऱ्यास गोफणीचा दगड कुठे पडेल याचा अंदाज असतो. तोच दगड अकरावीच्या गृहपाठात आला की आमचे विद्यार्थी गोंधळतात. ह्या दगडाच्या वाटेचे गणित मांडणारे थोर शास्त्रज्ञ म्हणजे गॅलिलिओ.

त्यांचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ रोजी इटलीतील पिसा येथे झाला. वडील संगीतज्ञ होते. मुलाने वैद्य व्हावे म्हणून त्यांनी १५८१ मध्ये त्यास विद्यापीठात घातले. पण मन गणितात रमले. पदवी न घेताच गॅलिलिओ बाहेर पडले आणि १५८९ मध्ये तेथेच गणिताचे प्राध्यापक झाले. पुढे १५९२ पासून अठरा वर्षे त्यांनी पादुआ येथे शिकविले.

हवेच्या रेट्याने दगड पुढे जातो, ही ॲरिस्टॉटलची समजूत. फेकणाऱ्याने दिलेला जोर दगडातच राहतो, असे इब्न सीना (९८०–१०३७) यांनी आधीच सांगितले होते. परंतु वाटेचा आकार सिद्ध झाला नव्हता. गॅलिलिओंनी उतरत्या फळीवरून गोळे सोडले, भांड्यातून गळणारे पाणी तोलून वेळ मोजला. त्यांना उमगले की दगडात दोन गती एकाच वेळी असतात. हवेचा अडथळा सोडला तर आडवी गती कायम राहते, उभी गती गुरुत्वाकर्षणाने बदलत जाते. दोन्ही मिळून पॅराबोला, म्हणजे अन्वस्त, तयार होतो.

गृहपाठाची किल्ली हीच. वहीत आडव्या व उभ्या गतीचे दोन रकाने करावेत. वेळ तेवढी दोन्हींत एकच. ५ मीटर उंचीवरून सेकंदाला १२ मीटर वेगाने आडवा फेकलेला चेंडू, गुरुत्वत्वरण १० धरल्यास, १ सेकंदात जमिनीवर येतो. नुसता सोडला तरी तेवढाच वेळ लागतो. म्हणून तो १२ मीटरवर पडतो.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, ह्या मतापायी १६३३ मध्ये धर्मन्यायालयाने त्यांना शिक्षा दिली. नजरकैदेत, वयाच्या सत्तरीत, त्यांनी जुनी टिपणे काढून ग्रंथ पूर्ण केला. ४५ अंशांत फेकल्यास पल्ला सर्वांत लांब, ह्याची सिद्धता त्यात आहे. १६३८ मध्ये तो हॉलंडमधील लायडन येथे छापला गेला, तेव्हा त्यांची दृष्टी गेली होती. ८ जानेवारी १६४२ रोजी त्यांचे निधन झाले.

पादुआतील प्रयोगांपासून ग्रंथापर्यंत सुमारे तीस वर्षे गेली. तेव्हा पालकांनो, तेच गणित मुलास वा मुलीस एका संध्याकाळी सुटले नाही, तर रागावू नये. कोरा कागद द्यावा आणि आधी आकृती काढावयास सांगावे.