पहिल्या दिवसाचा पोटातला गोळा

मैत्रिणींनो, जून-जुलै आला की घरोघरी एकच गडबड. लेकीला तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या कॉलेजात प्रवेश मिळतो, बॅग भरली जाते आणि आदल्या रात्री ती हळूच विचारते, 'आई, तिथं माझं कुणीच नसेल गं!' अशा वेळी मला हटकून आठवते ती कल्याणची यमुना, म्हणजेच आपली डॉक्टर आनंदीबाई जोशी. पहिली डॉक्टर म्हणून आपण तिला नमस्कार करतो, पण पहिल्या दिवशी वर्गात बसलेली अठरा वर्षांची मुलगी म्हणून तिच्याकडे कधी बघतो का?

३१ मार्च १८६५ चा तिचा जन्म. नवव्या वर्षी टपाल खात्यातल्या गोपाळरावांशी लग्न झालं. चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि दहा दिवसांत गेलं. बाईला बाईकडूनच औषधपाणी मिळायला हवं, हे तिच्या मनानं घेतलं ते तिथूनच. पण शिकायचं तर अमेरिकेत जायचं आणि तेही एकटीनं. नवऱ्याची नोकरी इथे, जवळ पैसा नाही, वर धर्म बुडाला म्हणून लोकांची बोलणी. १८८३ च्या फेब्रुवारीत तिनं बंगालमधल्या श्रीरामपूरला भर सभेत उभं राहून, आपण का जातोय ते सांगितलं.

पण तिकडे तिचं अगदीच कुणी नव्हतं असं मात्र नाही. शिक्षणासाठी मदत मागणारं गोपाळरावांचं पत्र अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापलं गेलं होतं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या गृहिणीनं ते दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचलं. ओळख ना पाळख, तरी तिनं पत्र धाडलं. मग दोघींची पत्रं सुरू झाली. आनंदी तिला मावशी म्हणू लागली. दोघींनी एकमेकींचं तोंडही पाहिलेलं नव्हतं!

७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून निघालेली आनंदी ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. उन्हाळा मावशीकडे गेला. तिथं तिनं मावशीच्या मैत्रिणींना आपल्या पद्धतीचं जेवण रांधून घातलं. त्या अमेरिकन बायका साड्या नेसून खाली बसल्या नि हातानं जेवल्या. परकेपणा जातो तो असाच, आधी ताटावर.

ऑक्टोबरात फिलाडेल्फियाचं बायकांचं मेडिकल कॉलेज सुरू झालं. अंगावर साडी, शाकाहारी जेवण, भाषा शिकून घेतलेली, थंडी हाडं गोठवणारी. वर्गात पाऊल टाकताना तिच्या पोटात काय झालं असेल? आपल्या लेकीच्या होतं तेच, फक्त दसपट! डीन रेचल बॉडली यांनी मात्र तिला मायेनं सांभाळलं, शिष्यवृत्तीची सोयही केली. तब्येत सारखी कुरकुरायची, तरी तिनं अभ्यास सोडला नाही. नेसणं सोडलं नाही, आपला धर्मही नाही.

१० ऑक्टोबर १८८५ ला काढलेला एक फोटो प्रसिद्ध आहे. आपापल्या देशाच्या पोशाखात तिघी विद्यार्थिनी: आपली आनंदी, जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबुली. आनंदी तेव्हा शेवटच्या वर्षाला होती, बाकीच्या दोघी तिच्या मागून पदवीधर झाल्या. एकटी आलेली मुलगी आता लांबून आलेल्या दोघींच्या शेजारी थोरली होऊन बसली होती.

११ मार्च १८८६ ला ती डॉक्टर झाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात स्त्रियांच्या विभागाचं काम तिची वाट बघत होतं. पण क्षयानं पोखरलेल्या देहानं साथ दिली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात ती गेली. वय अवघं एकवीस. एकाही पेशंटला औषध द्यायला ती कोल्हापूरला पोचली नाही, याची रुखरुख आजही वाटते.

तिच्या अस्थी मात्र सातासमुद्रापार गेल्या, त्या कार्पेंटर मावशीकडे. मावशीनं त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीला, आपल्या घरच्यांच्या दफनभूमीत ठेवल्या. एका अनोळखी बाईनं पाठवलेल्या पत्रातून जुळलेलं नातं असं शेवटपर्यंत टिकलं.

तेव्हा लेकीला निरोप देताना एवढंच सांगा. तुझ्यासारखीच मैत्रीण शोधत बसू नकोस. मैत्रीण वयानं मोठी असेल, वेगळ्या जातीधर्माची असेल, वेगळं बोलणारी असेल. डबा उघडलास की आधी शेजारणीपुढे कर. आणि पुढच्या वर्षी दारात एखादी बावरलेली नवी पोर दिसली, तर तिला आपल्या बाकावर जागा दे!